रंगाआधी लाकूड



गेल्या महिन्यात गच्चीच्या गळतीवर लिहिलं होतं. त्यावर आपल्याच मंडळातल्या, पण आता न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मुलीनं विचारलं, “मावशी, आमच्याकडे गच्ची नाही, डेक आहे. त्याला दर दोन-तीन वर्षांनी रंगवावं लागतं म्हणतात. त्याबद्दल लिहाल का?”

लिहिते. कारण मागच्या उन्हाळ्यात मी भाच्याकडे न्यू जर्सीतच होते, आणि एका डेकच्या रंगकामानं मला आमच्या वडोदऱ्याच्या घरातली एक जुनी चूक पस्तीस वर्षांनी नीट समजावून दिली.

आधी इथल्या मुलांसाठी सांगते. डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराला लागून असलेला, जमिनीपासून काही फूट उंच, लाकडी फळ्यांचा उघडा ओटा. कठडा असतो, बागेत उतरायला पायऱ्या असतात, वर छप्पर नसतं. ऊन, पाऊस, बर्फ सगळं थेट त्या फळ्यांवर. उन्हाळ्यात सारं घर तिथंच. आपल्या ओटीवर जसा चहा होतो, पाहुणे बसतात, पोरं खेळतात, तसंच.

भाच्याचं घर १९९९ सालचं. डेकही तेव्हाचाच, १२ फूट बाय २० फुटांचा. मी पोचले तेव्हा त्याचा रंग पापुद्र्यांसारखा उडाला होता. पायाला टवके चिकटायचे. मी म्हटलं, “अरे, बरीच वर्षं हात फिरवला नाहीस वाटतं.” तो ओशाळून म्हणाला, “मावशी, गेल्याच वर्षी करून घेतला.”

झालं होतं असं. दोन दरपत्रकं आली होती. एक दुसऱ्याच्या अडीचपट. साहजिकच स्वस्तातलं घेतलं. दोन माणसं सकाळी आली, जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं डेक धुतला, दुपारी जेवली आणि संध्याकाळपर्यंत दाट तपकिरी रंग फासून गेली. एका दिवसात काम फत्ते! फोटोही छान आले. एक हिवाळा गेला आणि रंग उठला.

या वर्षी घाई होती. भाच्याच्या लेकीचा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. चाळीस माणसं येणार, सगळी डेकवर. मग मागच्या खेपेला महाग वाटलेल्या त्याच रंगकाम करणाऱ्याला फोन गेला.

ते आले बाप-लेक, मूळचे इक्वाडोरचे. बापाला इंग्रजी बेताचं, मुलगा दुभाष्याचं काम करी. मला वाटलं, रंगाच्या छटांचं कार्ड काढतील. त्यांनी काढला स्क्रू-ड्रायव्हर. बाप गुडघ्यावर बसला आणि एकेका खांबाच्या बुंध्याशी टोचत निघाला. पायऱ्यांजवळच्या खांबाशी आला, आणि स्क्रू-ड्रायव्हर शिऱ्यात सुरी जावी तसा इंचभर आत गेला. बाहेरून रंग शाबूत, आत भुसा.

मग तो टॉर्च घेऊन डेकच्या खाली शिरला आणि भाच्याला बोलावलं. मीही वाकून पाहिलं. घराच्या भिंतीला एक लांब आडवी तुळई असते, डेकचा एक सबंध कड तिच्यावर टेकलेला असतो. ती भिंतीला बोल्टनं घट्ट आवळलेली असायला हवी, आणि भिंतीतून येणारं पाणी तिच्यामागे शिरू नये म्हणून वर पत्र्याची पट्टी हवी. इथं पट्टी नव्हती आणि तुळई नुसत्या खिळ्यांवर होती. खिळे गंजलेले, लाकूड काळं पडलेलं. डेक माणसांसकट कोसळतो तेव्हा बरेचदा तो इथूनच सुटतो, असं त्यानं मुलाकरवी सांगितलं.

भाचा म्हणाला, “वाढदिवस होऊन जाऊ द्या, मग सुताराचं बघू. आत्ता वरून रंग तर लावा.”

बापानं मान हलवली. मुलगा म्हणाला, “बाबा म्हणतात, मी रंग लावला तर हे तुम्हाला दिसायचं बंद होईल. मग तुम्ही सुताराला बोलावणार नाही. आधी सुतार, मग आम्ही.” आगाऊ पैसेही न घेता दोघं निघून गेले.

भाचा चिडला. मी मात्र गप्प झाले. मला आमची वडोदऱ्याची गॅलरी आठवली होती.

आमचं घर जुन्या वस्तीतलं. ज्यांनी तांबेकर वाडा पाहिला असेल त्यांना त्या काळच्या लाकूडकामाची कल्पना आहे. आमचं घर त्याच्यापुढे अगदीच साधं, पण रस्त्याच्या बाजूला सागवानी खांबांची गॅलरी होती. बाबा दर वर्षी होळीच्या सुमारास तिला अळशीचं तेल आणि टर्पेन्टाइन एकत्र करून चोळायचे. जुन्या धोतराची चिंधी, एक वाटी आणि दोन रविवार. आम्हा मुलांना तो वास नकोसा व्हायचा.

१९९१ साली दादाचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि हौस दांडगी. मीच हट्ट धरला की गॅलरी काळपट दिसते, चकचकीत ऑइल पेंट लावूया. बाबा म्हणाले, “अगं, लाकूड अजून पावसाचं ओलं आहे.” मी म्हटलं, “वरून तर कोरडं आहे.” दसऱ्याच्या आधी रंगारी आला, भेगांत लांबी भरली, हिरवा रंग दोन हात मारला. लग्नात सगळ्यांनी वाखाणला.

खांब सागाचे होते, ते तगले. पण कठड्याच्या खालच्या पट्ट्या मागाहून बसवलेल्या, साध्या लाकडाच्या. आतला ओलावा आतच राहिला. पुढच्या पावसात सांध्यांतून आणखी पाणी शिरलं, त्यालाही बाहेर पडायला वाट नव्हती. वरून रंग तुळतुळीत, त्यामुळे कुणी बघितलंच नाही. तीन वर्षांनी श्रावणात आई कपडे वाळत घालायला कठड्यावर रेलली आणि कठडा सुटला. नशीब, ती आतल्या बाजूला पडली. मनगट मोडलं. ते पुढे कधी पूर्ण वळलं नाही. पोळ्या लाटताना ती डाव्या हातावर जोर द्यायची, ते मी पुढची वीस वर्षं पाहिलं. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी सुताराला फोन केला. वाढदिवस मागच्या हिरवळीवर झाला. डेकच्या पायऱ्यांवर दोरी बांधून ठेवली होती, आणि चाळीस जणांनी गवतावर सतरंज्या टाकून केक आणि पावभाजी खाल्ली. कुणाचंही काही अडलं नाही.

सुतारानं टाउनशिपची परवानगी काढून तुळई बदलली, बोल्ट आवळले, पत्र्याची पट्टी बसवली. कुजका खांब आणि सहा फळ्या नव्या आल्या. मग बाप-लेक परत आले. त्यांचं काम मी खुर्ची टाकून पाहिलं. ते क्रमानं सांगते, कारण पैसे नेमके कशाचे द्यायचे ते यात कळतं.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो डेकच्या वयाचा. अमेरिकेत डेकसाठी बहुधा पाइनचं लाकूड वापरतात, आणि ते कुजू नये म्हणून त्यात दाबानं रसायन भरतात. २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती लाकडात जे द्रव्य सर्रास असे, त्यात तांबं आणि क्रोमियमबरोबर आर्सेनिकही होतं. त्यानंतर घरगुती वापरासाठी ते बंद होऊन तांब्याची दुसरी द्रव्यं आली. भाच्याचा डेक १९९९ चा. म्हणून त्यांनी यंत्रानं घासायला साफ नकार दिला, कारण ती धूळ श्वासात जाणं वाईट. तसलं लाकूड जाळायचंही नसतं. निघालेल्या जुन्या फळ्या शेकोटीसाठी ठेवाव्यात असं भाच्याच्या मनात होतं, तेही राहून गेलं.

घासण्याऐवजी त्यांनी जुना रंग सोडवणारं द्रव्य लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, ब्रशनं चोळलं आणि पाण्यानं धुतलं. तोंडाला मास्क, हातात लांब मोजे, खाली ताडपत्री, शेजारच्या गुलाबांवर प्लॅस्टिक. पाण्याचा फवारा होता, पण हलका आणि पंख्यासारखा पसरट. पाइन मऊ असतं. जोराचा झोत मारला तर मळाबरोबर लाकडाचे तंतूही निघतात आणि फळी केसाळ होते. मागच्या वर्षीच्या माणसांनी नेमकं तेच केलं होतं.

रंग सोडवणारं द्रव्य क्षारयुक्त असतं, त्यानं लाकूड काळवंडतं. म्हणून वरून ऑक्झॅलिक अॅसिडचं सौम्य पाणी दिलं. डोळ्यांदेखत फळ्या उजळल्या. खिळ्यांभोवतीचे काळे डागही फिके झाले. आपण पितळेला चिंच लावतो ना, तसंच वाटलं मला.

आणि मग त्यांनी काहीच केलं नाही. पाच दिवस!

मध्ये एकदा पाऊस पडला, तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुलगा रोज संध्याकाळी येई, दोन टाचण्यांसारखी टोकं असलेलं छोटं यंत्र फळीत खुपसून आकडा बघे आणि निघून जाई. पहिल्या दिवशी ओलावा २२ टक्के होता. १५ च्या खाली आल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पाचव्या दिवशी १३ आला. यंत्र नसेल तर त्यानं साधी युक्ती सांगितली: फळीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखे वरच बसले तर लाकूड अजून काही प्यायला तयार नाही. जिरले तर तयार आहे. नव्या फळ्या सुतारानं मुद्दाम रसायन भरल्यावर भट्टीत वाळवलेल्या आणल्या होत्या. साध्या नव्या फळ्या आणल्या असत्या, तर त्या ओल्याच येतात आणि वाळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

रंगाचं कार्ड निघालं ते त्यानंतर. तेव्हा मला पेंट आणि स्टेन यांतला फरक कळला. पेंट लाकडावर थर होऊन बसतो. स्टेन लाकडात मुरतो. उभ्या भिंतीवर पेंट ठीक, पण आडव्या फळीवर पाणी साचतं, माणसं चालतात, लाकूड फुगतं-आकसतं, आणि थर तडकतो. तडकलेल्या जागेतून पाणी आत जातं आणि तिथंच कोंडतं. स्टेनमध्येही प्रकार असतात. अगदी पारदर्शक स्टेन सुंदर दिसतो, पण रंगद्रव्य कमी असल्यानं उन्हापुढे वर्षभरच टिकतो. अर्धपारदर्शक साधारण दोन-तीन वर्षं. दाट स्टेन आणखी टिकतो, पण तो पेंटसारखाच थर धरतो आणि एक दिवस सुटतो. भाच्यानं तेलातला अर्धपारदर्शक घेतला. त्याचं आणखी एक कारण होतं: असा मुरणारा स्टेन नियमित दिला तर जुन्या लाकडातलं आर्सेनिक हातापायाला लागण्याचं प्रमाण कमी होतं. घरात रांगतं मूल होतं. तरी डेकवर खेळून आलं की हात धुवायचे, हे आता त्या घरात ठरलेलं आहे.

लावायला एकच दिवस लागला. सकाळी ऊन यायच्या आधी सुरुवात केली. तापमान ५० ते ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० ते ३२ सेल्सिअसच्या मधलं हवं, आणि पुढचे दोन दिवस पाऊस नको. तापल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच सुकतो. दोन-तीन फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदमच पुऱ्या करायच्या. मध्येच थांबलं की जोडाचा पट्टा कायमचा दिसतो. फळीची कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून तिथं दोनदा ब्रश. आणि पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्यानं पुसून टाकायचं. मला वाटे, जास्त लावलं म्हणजे जास्त टिकेल. उलट! जे मुरत नाही ते चिकट राहतं आणि धूळ धरतं.

शेवटी एक गोष्ट त्यांनी केली, जी प्रत्येकानं लक्षात ठेवावी. तेलानं भिजलेली फडकी त्यांनी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवली. असल्या तेलाची फडकी बोळा करून टाकली, तर तेल सुकताना उष्णता निर्माण होते, ती बाहेर पडत नाही आणि काडी न लावता पेट घेतात. अळशीच्या तेलाचंही तेच. बाबा त्या चिंध्या अंगणात दोरीवर मोकळ्या पसरून वाळत घालायचे. मला तो त्यांचा चिक्कूपणा वाटायचा!

आता तुमच्यासाठी. तुम्ही न्यू जर्सीत असा, नाहीतर बेळगाव, गोवा, इंदूर, वडोदऱ्यात, घराबाहेरच्या लाकडाचं काम देताना एवढं विचारा:

१. रंगाआधी लाकूड तपासणार का? खांबाचे बुंधे, सांधे, भिंतीलगतची तुळई टोचून पाहणार का?

२. जुना रंग कसा काढणार? घासून की द्रव्यानं?

३. धुतल्यावर किती दिवस वाळू देणार? “आजच करून टाकू” असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

४. थर देणार की मुरणारं काही देणार? आणि ते पुन्हा कधी द्यावं लागेल?

५. मध्ये पाऊस आला तर काय?

दरपत्रकात या पाच गोष्टींची उत्तरं असतील, तर मग किंमतीची तुलना करा. भाच्यानं आधी तुलना केली ती एका दिवसाच्या आणि दहा दिवसांच्या कामाची. स्वस्त-महाग ठरवायला ती दोन कामं एक नव्हतीच.

आपल्याकडची दोन पथ्यं वेगळी सांगायला हवीत. एक, आपण सारे दिवाळीच्या आधी रंग काढतो. भिंतींना चालेल, पण उघड्यावरचं लाकूड तेव्हा नुकतंच चार महिने पाऊस पिऊन बसलेलं असतं. त्याला दिवाळीनंतर, थंडीत किंवा होळीच्या सुमारास हात घाला. बेळगाव आणि गोव्याच्या दमट हवेत नुसत्या अळशीच्या तेलावर बुरशीही धरते, तेव्हा तिथं बाहेरच्या लाकडासाठी बुरशीरोधक असलेलं तयार वुड फिनिश घेतलेलं बरं. दुसरं, जुन्या घरांतल्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. ओला करून किंवा द्रव्य लावून खरवडा, मुलांना आणि गर्भवतींना लांब ठेवा, आणि निघालेला चुरा गोळा करून बांधून टाका.

परत आल्यावर मी दादाला म्हटलं, आपली गॅलरी उघडूया. कठडा आईच्या अपघातानंतर लोखंडी केला होता, पण सागवानी खांब अजून त्याच हिरव्या रंगात, वर आणखी दोन रंग चढवलेले. फेब्रुवारीत काम काढलं. माझा पुतण्या यंत्र घेऊन आला होता, त्याला थांबवलं आणि शिशाचं सांगितलं. द्रव्य लावून, ओलं खरवडून, तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी एका खांबावरची वेलबुट्टी मोकळी झाली. आम्ही दोघं भावंडं त्या घरात जन्मलो, पण तिथं कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत हे दोघांनाही विसरायला झालं होतं. लांबीखाली बुजून गेल्या होत्या.

शेवटचा तेलाचा हात मी दिला. टर्पेन्टाइनचा वास आल्यावर पुतण्या नाक मुरडून म्हणाला, “आत्या, हे दर वर्षी करायचं?”

“दर वर्षी,” मी म्हटलं. “आणि चिंध्या दोरीवर मोकळ्या वाळत घालायच्या.”

तुमच्या घरी असं जुनं लाकूड असेल, झोपाळा, खांब, दाराची चौकट, तर कळवा. फोटोही पाठवा. पण त्याआधी एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि बुंध्याशी हलकेच टोचून बघा.

पुढच्या महिन्यात भेटू.